रिकामा चौकोन

ते प्रकरण आठवलं की हातातला चहा आजही निवून जातो. सत्तरचं दशक सरत आलं होतं आणि मी भंडाऱ्याला फौजदार होतो.

मुंबईहून आलेल्या एका चित्रकाराने ठाण्यात तक्रार अर्ज दिला. खाणीतल्या मजुरांचे जुने पास त्याने रद्दीवाल्याकडून सोडवून आणले होते. त्यांवरचे फोटो ओळीने चिकटवून त्याने मोठा फलक केला होता. तो मुंबईच्या एका आधुनिक कलासंग्रहालयात कायमचा जाणार होता. त्याआधी इथे शाळेच्या हॉलमध्ये लोकांसाठी मांडला होता. त्यातला एक फोटो गेला.

"मी वाचवले नसते तर या कागदांत भजी बांधली गेली असती," तो तावातावाने म्हणाला. ते खरंच होतं.

पाहणी केली. फोटो फाडून नेलेला नव्हता. कोणीतरी ओलं बोट फिरवत, कडा सांभाळत सोडवला होता. चोराला एवढी माया नसते, असं मी हवालदाराला म्हटलं, तर तो माझ्याकडेच संशयाने बघायला लागला.

खबर एसटीच्या कंडक्टरने दिली. खाणीलगतच्या चिखला गावची एक बाई गाडीत उजवा हात पदराखालून काढतच नव्हती. तिकीटसुद्धा तिने दातात धरलं होतं.

चित्रकाराला जीपमध्ये घेऊन चिखल्याला गेलो. पोलीस पाटलाने घर दाखवलं. फोटो देवाजवळ ठेवलेला होता, पुढे झेंडूचं फूल. बाईने काहीच लपवलं नाही.

"हा कोण?" मी विचारलं.

"घरचे."

"नाव सांग."

ती देवापुढचं फूल सारखं करायला लागली. हवालदाराने आवाज चढवला, तसा पोलीस पाटील मध्ये पडला. "साहेब, नवऱ्याचं नाव ते बाई कशी घेईन?"

नाव मग त्यानेच सांगितलं. माणूस खाणीत दगावून बरीच वर्षं झाली होती. घरात त्याचा एकही फोटो नव्हता.

"मागून का घेतला नाहीस?"

"मागतला असता तं देल्ला असता का?" ती म्हणाली. मग फोटोकडे बघतच बोलली, "मले त्याहीचा आवाज याद हाये, चाल याद हाये. तोंडच याद येत नव्हतं, साहेब."

चित्रकार वरमला, पण हटला नाही. "बाई, मी तुम्हाला याची हुबेहूब नक्कल काढून देतो. मूळ फोटो संग्रहालयात नीट टिकेल."

"मंग नक्कल तुमीच न्या ना, भाऊ. तुमाले कोनाचंबी तोंड चालते."

तो अंगणात गेला. मग जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून त्याने तक्रार मागे घेतल्याचं लिहून दिलं. मी अर्ज निकाली काढला.

निवृत्तीनंतर मुंबईला मुलीकडे गेलो, तेव्हा मुद्दाम ते संग्रहालय गाठलं. थंडगार खोली, मंद उजेड, काचेमागे तो फलक. चित्रकाराने तिथे नक्कलही लावली नव्हती. ओळीत एक चौकोन रिकामा होता, खळीचा पिवळट डाग तेवढा राहिलेला. बाकीच्या चेहऱ्यांपेक्षा मी त्याच्याचसमोर जास्त थांबलो.

मालकी कोणाची हे पाहण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्या बाईने मला ओढ काय असते ते दाखवलं, पण ते पूर्ण कळायला मला म्हातारं व्हावं लागलं. आता माझी पत्नी हयात नाही. तिचे फोटो अल्बम भरून आहेत. पण स्वयंपाकघरातून ती मला हाक मारायची, तो आवाज काही केल्या आठवत नाही. तो आज कुठे काचेमागे जपून ठेवलेला सापडला, तर मी कोणाची परवानगी मागत बसणार नाही.