नांगर न लागलेलं शेत

समोरचा माणूस कितीही तापलेला असो, आत्या आधी तळवा पुढं धरायची आणि म्हणायची, "बराबर हाय तुमचं. पण आता माझं ऐका." तेवढ्यानं निम्मा राग उतरायचा. असं एखादं माणूस तुम्हीही पाहिलं असेल.

कुंभार पिंपळगावात मी भाड्यानं ट्रॅक्टर चालवतो. सगळं गाव तिला आत्याच म्हणायचं, मीही. आत्या बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करायची त्या शेताची नांगरट दरवर्षी माझ्याकडंच. ती पुढं चालायची. टिटवीची अंडी दिसली की मला वळायला लावायची. "तिचंबी घर हाय ना," म्हणायची.

शेत मालकाचं, त्यातलं पत्र्याचं घरही मालकाचं. नवरा गेल्यावर लेकीला घेऊन आत्यानंच ते शेत कसलं. पुढं म्हातारा मालक वारला आणि पुण्यातल्या त्याच्या मुलानं घर रिकामं करायला सांगितलं. आत्या हलली नाही. मग एका सकाळी त्याची माणसं आली. त्यांनी भांडी बाहेर काढली, पत्रे उतरवले. आत्यानं लिंबाखाली चूल मांडली आणि त्या माणसांनाही भाकरी वाढली. "तुमच्यावर राग न्हाई. पण मी हितून जाणार न्हाई."

आठवडी बाजारात ती एकेका पालापुढं उभी राहिली. "मला काढून मालक दुसऱ्याला बटईनं देणार हाय. कोणी घेऊ नका. आज मी हाय, उद्या तुम्ही असाल."

मालकाचा मुलगा माझ्याकडं आला. "उद्या नांगर घाल."

"न्हाई जमणार, दादा."

तो शेजारच्या गावांतही फिरला, पण बाजारातली गोष्ट त्याच्या आधीच तिथं पोचली होती. पेरणीचे दिवस गेले. शेतात कमरेएवढं गवत माजलं. आत्या लेकीला घेऊन पावसात ताडपत्रीखाली राहिली.

शेवटी तो बांधावर येऊन उभा राहिला. "गाव फिरवलं तुम्ही माझ्यावर!"

आत्यानं तळवा पुढं केला. "बराबर हाय तुमचं. जमीन तुमचीच. पण आता माझं ऐका. आधी सावलीत या."

त्याला हसू आलं. तो पाणी प्यायला. मग चावडीवर, सगळ्या गावासमोर ठरलं: घर आणि बटईचं शेत आत्याकडंच राहणार, तिच्यामागं लेकीकडं. पत्रे चढवायला तीच माणसं आली. आत्या खालून ओरडत होती, "सांभाळून रे, पडाल!"

पुढं काही वर्षांनी आत्या गेली, ती कापूस फुटायच्या दिवसांत. दुसऱ्या सकाळी मी तिकडून चाललो होतो. लेक घरात सुतकात बसलेली, आणि शेतात गावातल्या बाया कमरेला फडक्याचे ओटे बांधून कापूस वेचत होत्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. मी ट्रॅक्टर थांबवून विचारलं, तर एकीनं मान वर न करताच सांगितलं, "वेचून राह्यलो. उद्या पाऊस हाय म्हणत्यात."