सफोकमधली सायकल आणि मार्गारेटबाईच्या वाफ्यातलं निंदण

मागच्या वेळी माझ्या सुनेनं, वंदनानं, या ब्लॉगवर लोणारच्या सहलीचं लिहिलं, तेव्हा तुम्हीच खाली लिहिलं होतं की आजी इंग्लंडहून आल्या की त्यांना बोलतं करा. विसरलात ना? मला वाटलंच. तुम्हाला लिहिता येतं, म्हणून तुम्ही लिहून ठेवता आणि मोकळे होता. मला अक्षर येत नाही, त्यामुळे मला सगळं डोक्यात ठेवावं लागतं. आता मी सांगते आणि वंदना लिहिते. ती शिक्षिका आहे, माझी बोली सरळ केल्याशिवाय तिला राहवत नाही. पण माणसं जशी बोलली तशीच राहू दे, एवढं मी तिला बजावलं आहे.

तर कारण आधी सांगते. वंदनाची मोठी मुलगी प्रज्ञा इंग्लंडात सफोक नावाच्या भागात नर्स आहे. तिचा तीन वर्षांचा करार संपत आला होता. पुन्हा सही करायची की घरी परत यायचं, हे जूनअखेरपर्यंत ठरायचं होतं. माझ्या मुलानं, अशोकनं, आपल्याकडून ठरवूनच टाकलं होतं. आसेगावचा एक मुलगा त्यानं पाहून ठेवला होता, बँकेत नोकरी, घरी दहा एकर.

"आई, तुह्यं ऐकते थे," अशोक मला म्हणाला. "घेऊनच ये तिले."

त्यानं तिकिटं काढली, जाताना एक आणि येताना दोन. वंदना तेव्हा काही बोलली नाही. आत्ता लिहितानाही बोलत नाही आहे.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी सांगते, व्हिसाला घाबरू नका. कागदपत्रं मुलं करतात. आपल्याला फक्त जाऊन बोटांचे ठसे द्यायचे असतात आणि ते काम मला आधीपासून येतं.

प्रज्ञाच्या घरी पोचले. आठवडाभर ती ड्यूटीवर, मी खिडकीत. मग तिला सुट्टी मिळाली आणि तिनं विचारलं, "आजी, सायकलवर फिराले येशीन?"

"मले चालवता येते काय?"

"चालवन मी. तू बसजो फक्त."

"अन् पडलो त?"

"मी नर्सच हाये ना."

सायकल म्हणजे तीन चाकांची, पुढे लाकडी खोका, खोक्यात बसायला फळी, आणि चढावर जोर लावायला बॅटरी. तिथले लोक त्यात लेकरं शाळेत नेतात. दुकानदारानं मला पाहिलं, खोका पाहिला, आणि प्रज्ञाला काहीतरी विचारलं. मी म्हटलं, काय म्हणते? म्हणे, वजन विचारून राह्यला. मी म्हटलं, त्याला सांग, निम्मं लुगड्याचंच आहे. भाडं स्वस्त नाही, आणि आधी जामीन म्हणून पैसे ठेवून घेतात. पण खोक्यात आमच्या दोघींच्या पिशव्या आणि मी, असं सगळं मावलं. पदरावरून हेल्मेट घालावं लागलं. फोटो आहे, पण तो इथं टाकायचा नाही असं वंदनाला सांगितलं आहे.

निघायच्या आधी प्रज्ञा खाली वाकून पट्टा बांधता बांधता म्हणाली, "बाबानं तुले कायले पाठवलं, मले मालूम हाये. पण फिरून होईलोक त्याचं नाव काढू नको. वापस आल्यावर बोलू."

मी कबूल झाले. तोंड बंद ठेवायचं म्हणजे माझ्यासाठी केवढं काम, ते घरच्यांना माहीत आहे.

रस्त्याचं म्हणाल तर मोठ्या सडकेला जाऊच नका. आतल्या वाटा धरा. आपल्या शेताकडे जाणाऱ्या पांदणीसारख्या अरुंद, दोन्हीकडून झाडांचं कुंपण, फक्त डांबरी आणि खड्ड्याविना. मागून मोटार आली तर ती मागेच राहते, हॉर्न वाजवत नाही. पहिल्यांदा मला वाटलं गाडी बंद पडली असेल. आमचं चालणं इतकं सावकाश होतं की एक म्हातारा कुत्रं घेऊन पायी आमच्या पुढे गेला आणि जाताना हात दाखवून गेला. दोन्ही बाजूंना जव, मटार, बीट. जमीन सपाट, अधूनमधून हलका चढ. घरं काही पांढरी, काही गुलाबी. शेतात माणूस मात्र दिसायचा नाही. आपल्याकडे एवढा मटार उघड्यावर असता तर रानडुकरांच्या आधी नात्यातलेच लोक पोचले असते.

एका फाटकाशी टेबलावर अंडी ठेवलेली, बाजूला डबा. पैसे टाका, अंडी घ्या. पाहणारं कोणी नाही. मी प्रज्ञाला म्हटलं, मालक झाडामागं असेल. ती म्हणाली, नाही. मी तरी झाडामागे पाहून आले.

खाण्याचं सांगते. दुपारी पबमध्ये जेवायचं. नाव दारूचं असलं तरी बायका-लेकरं बसून जेवतात, लाजायचं कारण नाही, आणि संडास स्वच्छ असतो. आमच्या वयाच्या बायकांनी प्रवासाची आखणी संडासावरूनच करावी. तिथं सालासकट भाजलेला मोठा बटाटा मिळतो, वर गोडसर सॉसमधले बीन्स. पोट भरतं. चव आपली आपण न्यायची. माझ्याकडे ठेच्याची बाटली होती. चहा आपल्याकडच्या साध्या थाळीच्या भावात मिळतो, म्हणून घरून थर्मास भरून न्या.

संध्याकाळी मुक्काम मार्गारेट नावाच्या बाईकडे होता. माझ्याच वयाची, एकटी राहणारी, घरातल्या दोन खोल्या भाड्यानं देते, सकाळचा नाश्ता त्यातच. एका रात्रीचं भाडं ऐकून मी म्हटलं, एवढ्यात आपल्या गावी, रिठदला, महिनाभर घर मिळतं. प्रज्ञा म्हणाली, मग रिठदवरून रोज ये-जा कर.

आता झालं ते सांगते.

तिकडे जूनमध्ये पहाटे चारलाच उजाडतं. मी उठले, अंगणात आले. घरासमोर एक मोठा वाफा, त्यात दोन गुलाब, बाकी सगळं तण. गुडघ्याएवढं गवत, काटेरी काहीबाही, मधेमधे लाल-निळी रानफुलं, आणि कडेला आपला चंदनबटवा, हिरवागार. माझ्या मनात आलं, बिचारी एकटी आहे, मजूर मिळत नसेल. खिडकीत लहान खुरपं होतं. बसले उकिडवी. पन्नासेक वर्षं दुसऱ्यांच्या शेतात निंदायला गेले आहे, हात आपोआप चालतो. पात धरली, या टोकापासून त्या टोकापर्यंत वाफा चक्क साफ केला. उपटलेलं सगळं मुळं वर करून कडेच्या धुऱ्याला मांडलं, म्हणजे ऊन लागून मरतं आणि पुन्हा रुजत नाही. चंदनबटवा भाजीसाठी पदरात घेतला. दोन गुलाब तेवढे उभे ठेवले. इतकं साफ काम झालं होतं की मीच उभी राहून पाहत होते.

मार्गारेटबाई गाऊनवर बाहेर आली. ओरडली नाही. पायरीवर उभी राहिली, मग पायरीवर बसली.

ते तण नव्हतं. मुद्दाम पेरलेली रानफुलं होती, मधमाश्यांसाठी. येत्या रविवारी त्या गावात लोक एकमेकांच्या बागा पाहायला फिरणार होते आणि तिच्या दाराशी लोक हाच वाफा पाहायला थांबतात. हे मला नंतर कळलं. त्या घडीला मला एवढंच कळलं की मालकाचं पीक उपटलं.

ज्यांनी मजुरी केली आहे त्यांना सांगायला नको. निंदताना एक रोप चुकून उपटलं तर काय ऐकावं लागतं, जातीपर्यंतचं कसं काढतात, ते मी ऐकलेलं आहे. आमच्या लोकांची मान तेव्हा आधी खाली जायची, चूक नंतर पाहायची. मी खुरपं खाली ठेवलं आणि तशीच उभी राहिले.

प्रज्ञा जिन्यावरून धावत आली. वाफा पाहिला, मला पाहिलं. मला वाटलं, आता म्हणेल, म्हातारी आहे, अडाणी आहे, माफ करा. अशोक असता तर हेच म्हणाला असता. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि त्या बाईच्या डोळ्यांत पाहून सावकाश इंग्रजीत बोलली. काय बोलली ते मी तिच्याकडून नंतर शब्दन् शब्द वदवून घेतलं. ती म्हणाली होती, "माझ्या आजीनं आयुष्यभर हेच काम केलं आहे, आणि तुम्हाला मदत म्हणून केलं. तुमचं मोठं नुकसान झालं, ते भरून निघणार नाही. आम्ही आज पुढे जात नाही. जे पुन्हा लावता येईल ते दोघी लावतो. तुम्ही फक्त काय कुठं होतं ते सांगा."

एवढंच. रडली नाही, हात जोडले नाहीत. ही तीच पोरगी, जी पाहुणे आले की माझ्या लुगड्याआड लपायची.

मार्गारेटबाई पायरीवरून उठली. मग आत जाऊन बूट घालून आली.

दिवसभर आम्ही तिघी त्या वाफ्यात. ज्यांची मुळं धड होती ती लावली, पाणी दिलं, वरून जुनी चादर धरून सावली केली. लाल खसखशीसारखी फुलं काही धरली नाहीत, त्यांची मुळं एकदा हलली की संपलं. निम्माच वाफा उभा राहिला, तोही माना टाकून. दुपारी बाईनं प्रज्ञाकडून मला विचारलं, तण कोणतं हे तुम्ही कसं ठरवता?

"मालक ठरवते," मी म्हटलं. "अन् मालक झोपला असन त मंग असं होते."

प्रज्ञानं हे सांगितलं तेव्हा ती बाई पहिल्यांदा हसली. संध्याकाळी मी तिच्या स्वयंपाकघरात चंदनबटव्याची भाजी केली. तिनं दोन घास खाल्ले, फार छान म्हणाली, आणि ताट हळूच सरकवलं. असू द्या. मीही तिच्या बीन्सशी तसंच वागले होते.

दुसऱ्या दिवशी निघालो. वाफ्याच्या गडबडीत बॅटरी चार्ज करायची राहिली होती, त्यामुळे दुपारी एका चढावर सायकल थांबली. तुम्ही हे विसरू नका, रात्री आठवणीनं लावून ठेवा. मी खोक्यातून उतरले. ती ढकलत होती, मी बाजूनं चालत होते. बोलायचं नाही हा दिलेला शब्द मीच मोडला.

"इथं काय हाये असं?" मी विचारलं. "खरं सांग."

"रविवारी लय सुनं वाटते, आजी," ती म्हणाली. "दिवसभर कोणी हाक मारत नाई. कधी कधी मी घरच्या घरी मोठ्यानं बोलतो."

"मंग चाल ना घरी."

ती थोडं ढकलत राहिली. मग म्हणाली, "एका पेशंटनं मले म्हटलं होतं, तू हात लावू नको, दुसरी पाठव."

माझे पाय थांबले. हे ऐकायला एवढ्या लांब यायचं होतं काय, असं वाटलं.

"तू काय म्हटलं?"

"म्हटलं, दुसरी दोन तासानं येईन. तोवर दुखू द्याचं असन त तुमची मर्जी. मी इथंच हावो."

"मंग?"

"पाच मिनटानं त्यानं हात पुढं केला." ती थांबली, दम घेतला. "तिथं मले कोणाच्या सांगण्यावरून मांगं व्हा लागलं नाई. उद्या वार्डाची मुख्य करतो म्हणून राह्यले. मले थे पाह्यचं हाये, आजी. लगन करणार नाई असं नाई. पण आसेगावच्या घरी जाऊन मी काय करू, थे त्या पोरानं अजून विचारलंच नाई."

अशोकनं शिकवून पाठवलेली सगळी वाक्यं त्या चढावर संपली. लग्नात मलाही कोणी विचारलं नव्हतं, पण ते सांगून काय उपयोग, तेव्हा कोणालाच विचारत नसत. मी सायकलीला मागून हात लावला. चढ संपेपर्यंत दोघी ढकलत गेलो. वर पोचल्यावर म्हटलं, "सही कर तू. बाबाले मी पाहतो."

सायकल परत दिली, जामीन परत मिळाला. तिनं घरी येऊन माझ्यासमोर मोबाइलवरच सही केली, बोटानं. मी म्हटलं, एवढं शिकून शेवटी बोटच ना.

विमानात शेजारची जागा रिकामी होती. तिच्यावर पाय ठेवून झोपता आलं, एवढा त्या तिकिटाचा उपयोग झाला. मुंबईहून रेल्वेनं अकोला. घरी आधी काही कळवायचं नाही, असं मी प्रज्ञाला सांगितलं होतं, कारण अशी गोष्ट फोनवर झाली की भांडण होतं. अशोक गाडी घेऊन स्टेशनवर उभा. मी उतरले तरी तो डब्याच्या दाराकडेच पाहत होता.

"एकटीच आली?" तो म्हणाला.

"एकटीच. थे नाई येत. सही केली तिनं, मी सांगितलं म्हणून."

त्यानं पिशव्या उचलल्या. पातूरपर्यंत शब्द नाही. पुढे आमच्याकडच्या मालेगावला चहाला थांबलो. मी वाफ्याची गोष्ट सांगितली, पोरगी माझ्या शेजारी कशी उभी राहिली ते सांगितलं. तिची मान कशी वर होती तेही सांगितलं. तो रस्त्याकडे पाहत राहिला. रिठदच्या फाट्यावर गाडी वळवताना हळूच म्हणाला, "रोज काय खाते थे तिकडं?"

त्या दिवसापासून एवढंच बोलला आहे. आसेगावला काय कळवलं, मला माहीत नाही. प्रज्ञाला अजून फोन केलेला नाही. मार्गारेटबाईनं मात्र प्रज्ञाला फोटो पाठवला आहे. रविवारी लोक आले, थांबले, अर्ध्या वाफ्याची गोष्ट ऐकून गेले. जाऊन काय मिळालं म्हणाल तर गुडघे दुखतात, आणि त्या पोरीची काळजी होती त्यातली निम्मी राहिली. निम्मी तिच्या सुन्या रविवारची आहे, ती राहील.

वंदना, आता पुढचं सरळ करू नको. माझ्या बोलीतच लिही, अशोक वाचते हे.

अशोक, तिच्यासाठी डबा पाठवाचा हाये. मुंगवड्या पाठवजो, कडक वाळलेल्या. ज्वारीचे पापड पाठवजो, खालून-वरून पुठ्ठा लावजो, नाई त चुरा पोचन. जवसाची चटणी कोरडीच ठेवजो. लोणचं नको, तेल गळते. अन् वंदनाले बांधाले लावू नको, डबा तूच बांधजो.