बाबुरावांचा हिरवा ठिपका

कोपरीचा राजरत्न कोड लिहिण्यात हुशार, पण वडिलांशी बोलताना त्याची गाडी ‘जेवलात का?’च्या पुढे कधी सरकली नाही. म्हणून त्याने घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर एक सर्व्हर लिहिला. वडील, बाबुराव, कल्याणच्या चाळीत एकटेच राहत. ते आणि शेजारची सहा एकटी म्हातारी माणसं आपापले फोन त्याला जोडून ठेवत. फोन जोडला की त्या माणसासाठी सर्व्हरमध्ये एक वेगळा थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅमचा एक धागा, चालू होई, कान लावून बसे आणि राजरत्नच्या स्क्रीनवर नावापुढे हिरवा ठिपका लागे. ठिपका दिसला की माणूस ठीक.

बाबुराव एसटीच्या खोपट डेपोतले निवृत्त कंट्रोलर. निघताना ‘जातो’ नाही, ‘येतो’ म्हणायचं, हा त्यांचा शिरस्ता. म्हणून बंद करायच्या बटणावर राजरत्नने ‘येतो’ लिहिलं. ते दाबलं की थ्रेड संपे, ठिपका विझे. न दाबताच कुणी गेलं, फोनच बंद पडला तर? ते ‘बघू नंतर’ म्हणून राहून गेलं.

मंगळवारी सकाळी बाबुराव मोरीत पडले. फोन बादलीत बुडून बंद पडला. राजरत्नने ऑफिसातून चार वेळा पाहिलं. हिरवा. संध्याकाळी शेजारच्या विमलाबाईंनी दार उघडवलं, तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, दुपारपर्यंत जीव होता.

पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, तरी ठिपका हिरवाच. तो खुळा थ्रेड अजून बाबुरावांची वाट बघत होता. राजरत्नने चूक दुरुस्त केली: दर मिनिटाला सर्व्हरने हाक मारायची, तीनदा उत्तर नाही आलं तर नाव काढून घरच्यांना कळवायचं. जेमतेम दहा ओळी. एवढ्याने बाप वाचला असता, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. पण नवा कोड लागू करायला सर्व्हर एकदा बंद करावा लागतो, म्हणजे तो ठिपकाही विझणार. राजरत्नचा हात होईना. चार दिवस गेले.

रविवारी विमलाबाईंचा फोन आला. “राजा, माझा फोन काल पडला रे. आत्ता चालू झाला. तुला काय कळलं नसंल ना?”

त्याने कालपासूनची नोंद पाहिली. त्यांचा ठिपका अखंड हिरवा होता.

“नाही कळलं, मावशी.”

फोन ठेवल्यावर बायकोने, अमृताने, पाठीवर हात ठेवला. “अरे, कर आता.”

“बाबा, येतो म्हणा ना एकदा,” तो स्क्रीनला म्हणाला आणि ढसाढसा रडला. मग त्याने सर्व्हर बंद केला.

पुन्हा सुरू केल्यावर एकेक करत सहा ठिपके लागले.