विहिणीची कार्ट

"साहेब, तुमच्या वेबसाइटनं लगीन मोडायची येळ आणलीय की!"

फोनवर अण्णा होते. अण्णांचं सोलापुरात चादरी-टॉवेलांचं दुकान आहे. त्यांची ऑनलाइन विक्रीची वेबसाइट मी बनवली होती.

भानगड मीच करून ठेवली होती, तीही हौसेनं. आम्ही ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर काम करतो, त्यात एका गिऱ्हाइकाला एकच कार्ट मिळते. कार्ट म्हणजे निवडलेला माल ठेवायची टोपली. अण्णांना हे मुळीच पटलं नव्हतं.

"आहेर घ्यायला बाई आली की गादीवर पाच ढीग लावती. विहिणीचा येगळा, जावांचा येगळा. तुमी समदं एकाच टोपलीत कोंबताय व्हय?"

मुद्दा बिनतोड होता. मी एका लॉगिनला हव्या तेवढ्या कार्ट दिल्या. प्रत्येकीला नाव द्यायला चौकट ठेवली. वर आणखी शहाणपणा केला. पार्सलांची अदलाबदल नको म्हणून तेच नाव लेबलवर छापलं. टेस्टिंगला मी 'कार्ट एक', 'कार्ट दोन' लिहिलं होतं. सगळं झकास चाललं.

पहिलं गिऱ्हाईक मंगलताई. मुलीचं लग्न चार दिवसांवर, सासर मोहोळचं. आहेर आधीच व्याह्यांच्या घरी पोचवायचा होता.

"लेबलवर छापलंय तरी काय?" मी फोनवर अण्णांना विचारलं.

मंगलताईंनी कार्टला दिलेलं नाव अण्णांनी यादीतून वाचलं, "'विहीण. भारीतलंच, नाहीतर तोंड सोडेल.'"

मी घाईनं विचारलं, "पार्सल कुठंय?"

"टेम्पो सकाळीच गेला. मंगलताई हितं बसून रडत्यात."

मी गाडी काढून दुकान गाठलं. टेम्पोवाल्याला फोन लावला. माल उतरवून तो विहीणबाईंच्याच ओट्यावर चहा पीत होता. आता मुलीचं लग्न माझ्यामुळं मोडणार, या विचारानं मला मंगलताईंकडं बघवेना.

तेवढ्यात विहीणबाईंचाच फोन आला. मंगलताईंनी स्पीकर लावला.

"चादर लई झ्याक हाय, ताई. लेबल बी वाचलं."

अण्णा स्पीकरजवळ सरकले.

"तोंड सुटतं माजं, खोटं कशाला बोलू? पर माज्या नणंदेच्या पार्सलावर 'कसलंही चालेल' लिवलंय न्हवं, ते समद्या भावकीला वाचून दावलं मी. लई दिवसांनी जीव गार झाला बघा!"

लग्न थाटात लागलं. नणंदबाई तेवढ्या जेवल्या नाहीत.

मी त्या फोनच्या दिवशीच लेबलवर नावाऐवजी नुसता नंबर टाकला. धडा साधा होता: मोकळी चौकट दिली की माणूस मनातलं लिहितो, ते छापायचं नसतं.

पुढच्या महिन्यात विहीणबाईंनी परतीच्या आहेरासाठी स्वतः खातं उघडलं. कार्टचं नाव ठेवलं, 'मंगलताई. त्यांच्यापेक्षा भारीतलं.' पार्सल पोचल्यावर त्यांचा थेट मला फोन.

"साहेब, लेबलवर नाव कुटं हाय?"

"आता छापत नाही आम्ही."

"आवो, मग मी लिवलं कुणासाटी?"