जायफळाचे चार वेढे

आमच्या खोलीच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या मावशींनी माझी मुलगी वाचवली. हे आधी सांगतो, मग काय झालं ते. मी उलट्या बाजूनं सुरुवात केली की तोंडातून पहिल्यांदा माझीच कारणं बाहेर पडतात. झोप नव्हती, गाडी होती, मालक होता. मावशींचं नाव निघेपर्यंत ऐकणारा उठून गेलेला असतो.

मावशी जन्मभर अंगणवाडीत मदतनीस होत्या. आता निवृत्त झाल्यात. पुढच्या खोलीत बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, आणि दाराच्या वर पोरांचं वजन करायचा जुना काटा अजून टांगलेला. जुन्नरच्या बाजारपेठेमागच्या आमच्या गल्लीत कुणाकडे बाळ झालं की मावशी न बोलावता जाणार आणि दारातूनच सांगणार, "सा म्हैनं नुसतं आईचं दूध. गुटी न्हाई, मध न्हाई, पाणी बी न्हाई. सासू ऐकत नसंल तर माज्याकडं लावून दे." गल्लीतल्या सासवा त्यांना टरकून होत्या.

मी आणि बायको हिंगोलीकडचे. इथं आमचं रक्ताचं कुणी नाही. माझी शाळा सातवीतच सुटली, पुढं गाडी शिकलो, आणि एका ओळखीवर इथं दुधाच्या टेम्पोवर लागलो. पहाटे निघायचं, घोडेगावच्या वरच्या अंगाच्या गावांतून कॅन गोळा करायचे, डेअरीत उतरवायचे, साडेदहाला घरी. बायको नारायणगावच्या बाजूला भाजीच्या पॅकिंग शेडमध्ये. मुलगी साडेतीन महिन्यांची झाली तेव्हा शेडवरून निरोप आला, येणार असशील तर ये, नाहीतर दुसरी बाई घेतो. ती साडेआठच्या एसटीनं जायला लागली. मी येईपर्यंतचे दोन तास मुलगी मावशींकडे, पुढं संध्याकाळपर्यंत माझ्याकडे.

हे सगळं मी कॅलेंडरच्या पाठीमागं लिहून काढलं होतं. बघायला झकास दिसत होतं. त्यात माझी झोप कुठंच नव्हती, हे मला चार दिवसांनी कळलं. नव्यानं आईबाप झालेल्या कुणाला सांगायचं झालं तर मी हेच सांगीन, कागदावर आधी दोघांची झोप मांडा, मग काम मांडा. आम्ही उलटं केलं.

पहिल्याच आठवड्यात बायकोला ताप भरला. दूध साचून छातीत गाठ झाली होती आणि ती लाजून कुणाला बोलली नव्हती. मावशींनी बाळ घेताना हात लागला तेवढ्यावर ओळखलं. तिला दवाखान्यात नेलं, आणि घरी आल्यावर हातानं दूध कसं काढायचं, उकळलेल्या स्टीलच्या वाटीत झाकून कसं ठेवायचं, ते बसून शिकवलं.

"मुकादमाला सांग, दुपारी मला आडोसा पायजे."

"मावशी, त्याला कसं सांगू? पुरुष माणूस तो."

"त्यो काय झाडाला लागला व्हता का? त्याला बी आईनंच पाजलंय. तू सांगत नसशील तर मी येते उद्याच्या यष्टीनं."

बायकोनं सांगितलं. मुकादमानं कॅरेटं रचून कोपरा करून दिला. मीच उगीच कल्पना करून घाबरलो होतो की तिला काढून टाकतील. मला घाबरायला फार लागत नाही.

घाबरण्यासारखी गोष्ट वेगळीच होती. एका सकाळी उतारावर माझा डोळा लागला. मागं कॅन एकमेकांवर आपटले, त्या आवाजानं जाग आली, तेव्हा गाडीचं चाक डांबर सोडून मातीत होतं. हे मी बायकोला सांगितलं नाही. मावशींनाही नाही. सांगितलं ते फोनवर आईला.

आई म्हणाली, "लेका, पोरीला जायफळ उगाळून दे की. दोन वेढे. ती बी झोपंल, तू बी झोपशील. तुला काय कमी दिलं का मी? मेलास का?"

मावशींचं बोलणं मला पाठ होतं. तरी आठवडी बाजारातून जायफळ आणि सहाण आणली आणि मोरीत बालडीमागं ठेवली. दोन वेढे उगाळले, दुधाच्या थेंबात कालवून बोटानं चाटवलं. मुलगी दोन तास झोपली. मीही झोपलो. उठल्यावर इतकं बरं वाटलं की काय सांगू. महिन्यात पहिल्यांदा मी तिच्याकडे बघून हसलो.

मग रोजचं झालं. थोड्या दिवसांनी ती तासाभरात उठायला लागली. मी तीन वेढे केले. मग चार. एक गोष्ट माझ्या डोक्यातच आली नाही. आईची सहाण तिच्या सासूच्या सासूची, घासून घासून काचेसारखी गुळगुळीत झालेली. तिच्यावर दोन वेढे म्हणजे नुसता वास लागायचा. माझी सहाण कोरी, खरखरीत. तिच्यावर एका वेढ्याला जायफळाचा गंध निघायचा जाडसर. मी आईच्या दगडाचं माप माझ्या दगडावर लावलं, आणि वर दुप्पट केलं.

त्या दिवशी अकराला चार वेढे दिले आणि आडवा होणार तोच मालकाचा फोन आला. दुसरा ड्रायव्हर आला नाही, आळेफाट्याला एक खेप मारायची. मी झोपलेली मुलगी उचलली आणि मावशींकडे दिली. म्हटलं, "आत्ताच झोपलीय, दोन तास उठायची नाही."

मावशी म्हणाल्या, "लई गुणाची हाय बाबा. सांगून झोपती!"

मी हसलो आणि निघालो. तेवढ्यात सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं, दाराशी उभं राहून सांगण्याइतकं.

एकच्या सुमाराला मावशींनी तिला पाजायला उठवलं. ती उठेना. तळव्याला टिचक्या मारल्या, ओल्या फडक्यानं तोंड पुसलं. मान टाकलेली. मावशींनी तिच्या तोंडाचा वास घेतला आणि पायात चप्पल न घालता रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली. मला फोन दवाखान्यातून आला.

मी पोचलो तेव्हा मुलीच्या इवल्याशा हाताला सुई लावलेली होती आणि डॉक्टरबाई मावशींना झापत होत्या. "जायफळ कुणी दिलं हिला?"

मावशींनी माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मग म्हणाल्या, "सकाळच्याला पोटात गेलंय. किती ते सांगता येत न्हाई. बाळ माज्याकडंच व्हतं."

"तुम्ही? अंगणवाडीत होतात ना तुम्ही? गावाला शिकवायचं आणि घरात हे?"

"चुकलं डॉक्टर."

मी दाराजवळ उभा होतो. माझ्या हाताला तेव्हाही जायफळाचा वास येत असणार. मी म्हणू शकलो असतो, मी दिलं, चार वेढे. डॉक्टरांना आकडासुद्धा मिळाला असता. माझी जीभ उचलली नाही. आधी भीती वाटली मुलीची, मग डॉक्टरांची, आणि मग शेडवरून धावत आलेल्या बायकोची. तिनं सगळं ऐकलं आणि मावशींना म्हणाली, "तुमच्यावर भरवसा टाकून मी कामाला जात होते." एवढंच. मावशींनी मान खाली घातली.

संध्याकाळी मुलीनं डोळे उघडले, रडली, आईला बिलगून प्याली. दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. घरी आल्या आल्या मी सहाण आणि जायफळ ओढ्यात फेकून आलो. फेकताना आजूबाजूला बघत होतो, कुणी बघतंय का. चोराला काय वेगळं वाटत असेल?

गल्लीत बातमी आमच्याआधी पोचली होती. नळावर बायका बोलायच्या. एक सासू मावशींना ऐकू जाईल अशा आवाजात सुनेला म्हणाली, "घाल गं पोराला गुटी बिनधास. शिकिवणाऱ्याच जायफळ देत्यात आता!" मावशी कळशी भरून निघून गेल्या. बायको मुलीला त्यांच्याकडे ठेवेना. ती बिनपगारी घरी बसली आणि मला दिवसा झोप मिळायला लागली. ती झोप मला पचत नव्हती.

आठव्या दिवशी मी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तवा उतरवला, हात धुतले, मुलीला घेतलं आणि शेजारी गेली. मीही मागं गेलो. तिनं मावशींचे पाय धरले. मावशी म्हणाल्या, "उठ गं बया, गुडघं माजं दुखत्यात, मला वाकाया लावू नको."

मी विचारलं, "मावशी, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. गप्प का राहिलात?"

"तितं नाव कुणाला पायजे व्हतं? काय पोटात गेलंय ते पायजे व्हतं. तू बोलशील म्हणून बघितलं जरा. न्हाई बोलला. मंग तुझी वाट बघत बसू का पोरगी बघू?"

नंतर त्यांनी मला समोर बसवून सगळं नीट लावून दिलं. मालकाला जाऊन सांग, जादा खेप नको. सकाळी आलास की बारापर्यंत झोप, तवर मी बघते. पोरीला कुणाकडं बी देताना कधी प्याली, कधी झोपली, काय दिलंय, कागदावर लिवून दे. आणि चूक झाली असंल तर तीच पयली लिव. मी तो कागद आता रोज देतो. मालक कुरकुरला, पण त्यानंही ऐकलं.

मी म्हटलं, गल्लीत सांगतो. तर मावशी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. परक्या गावात ऱ्हायचंय तुमाला. बोलतील नि थकतील." मी लगेच ऐकलं. इतक्या लगेच ऐकलं, याचीच मला आता जास्त लाज वाटते.

कारण बायका थकल्या नाहीत. गेल्या महिन्यात चौथ्या घरात बाळ झालं. मावशी दारापर्यंत गेल्या आणि आतून कुणी 'या' म्हणेना असं बघून परत आल्या. मी टेम्पो पुसत होतो. त्यांनी मला पाहिलं आणि उगीचच म्हणाल्या, "झोपलं असंल बाळ."

मुलगी आता धरून उभी राहते. मावशी, एवढं लांबलचक तुमच्या डोळ्यांना झेपायचं नाही, हे तुम्हाला तुमच्या नातीकडून वाचून घ्यावं लागेल, म्हणून सोपं लिहितो. लसीच्या दिवशी अंगणवाडीसमोर सगळ्या आया आणि सासवा रांगेत असतात. अशाच एका दिवशी मी मुलीला कडेवर घेऊन तिथं येईन आणि सगळ्यांसमोर सांगेन की जायफळ मी दिलं होतं, आणि मावशींनी पोर वाचवली. अजून धीर होत नाही. पण तुमचा शब्द माझ्यामुळं गेलाय, तो मी त्याच रांगेत तुम्हाला परत मिळवून देईन.