अष्टमीलाच दाखवलेलं घर

ते प्रकरण आठवलं की आजही स्वतःची शरम वाटते. रत्नागिरीजवळच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो, निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. श्रावण नुकताच लागला होता. एक निवृत्त शिक्षिका तक्रार अर्ज घेऊन आल्या. ठाणे अंमलदारानं अर्ज चाळून "दिवाणी बाब आहे, कोर्टात जा" असं आमचं ठरलेलं उत्तर दिलं. बाई हलल्या नाहीत, तेव्हा त्यांना माझ्याकडे पाठवलं.

त्यांचं घर संगमेश्वरात नदीकाठी होतं. अंथरुणाला खिळलेल्या आईला पुरात दोनदा माळ्यावर चढवावं लागलं. तिसऱ्यांदा जमणार नाही, म्हणून ते घर विकून त्यांनी इथे खाडीलगतच्या नव्या वसाहतीत घर घेतलं.

"मी एकच प्रश्न विचारला होता, साहेब. पाणी येतं का? एजंट म्हणाला, थेंबभरही नाही. आणि परवाच्या अमावास्येला खाडीचं पाणी आईच्या खाटेला लागलं."

मी मुळात संशयी माणूस. समोर कोण आहे हे बघून संशय कमी करायची सवय मला कधीच लागली नाही.

"पाण्याची एवढी धास्ती होती, तर तळमजला का घेतलात?"

"वरचा परवडला नाही."

"आणि तुमचं जुनं घर ज्यानं घेतलं, त्याला पुराचं सांगितलंत?"

बाईंनी माझ्याकडे रोखून बघितलं आणि उत्तरच दिलं नाही. त्या गप्प बसण्याची मी मनात नोंद केली. आता व्यवहाराचा पश्चात्ताप झालाय आणि पैसे सोडवायला पोलीस हवेत, असं माझं मत झालं.

तरी एजंटला बोलावलं. तो गोडबोल्या. वसाहतीच्या फाटकावरची नोंदवही स्वतःहून घेऊन आला. "बाई तीनदा बघून गेल्या, साहेब. ह्या सह्या. पाणी दिसलं असतं तर घेतलं असतं का? आता समुद्र काय आमच्या हुकमात आहे?" मला पटलं. अर्ज निकाली काढायचं ठरवून मी नोंदवही हवालदाराकडे सरकवली.

हा हवालदार खाडीकाठचा, घरात पिढ्यान्‌पिढ्या होड्या. तो पानं उलटत होता आणि मधूनमधून भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत होता.

"सायेब, बाईच्या तिनी तारखा अष्टमी-नवमीच्या हायत. बाकीची गिऱ्हाइकं पन तशीच."

"मग?"

"अवसेपुनवेला उधान. अष्टमीला भांग, म्हंजे पानी चढतच नाय. भरतीला जरी आनलान तरी खाडीच्या बांधाच्या खालीच दिसायचं. ह्या मानसानं तिथी बघून गिऱ्हाइक आनलान."

मी डोंगराकडचा. तारखा वाचल्या होत्या, तिथी बघायचं डोक्यातच आलं नव्हतं. दोन वर्षांची नोंदवही आम्ही जुन्या दिनदर्शिकांशी ताडून तपासली. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास एकही भेट नव्हती.

एजंटला पुन्हा बोलावलं. या वेळी चहा नाही.

"तुम्ही स्वतः राहता कुठे?"

"वर, सड्यावर. डोंगरमाथ्याच्या पठारावर."

"मूळचे खाडीकाठचे ना? मग खाली का नाही?"

मी नोंदवही उघडून दिनदर्शिकेशेजारी ठेवली. तो बोलायला लागला. पूर्वी पाणी बांधाशी थांबायचं, हल्ली काही वर्षं उधाणाला बांध ओलांडतं. बांधकामाआधी वसाहतीच्या मालकानं एका तज्ज्ञाला जागा दाखवली होती. समुद्राची पातळी वाढतेय, पाऊसही एकदम कोसळतो, जोतं वाढवा आणि घेणाऱ्यांना कळवा, असं त्यानं लेखी दिलं होतं. मालकानं तो अहवाल कपाटात टाकला आणि एजंटला तिथी सांभाळायला सांगितलं. पंचांसमक्ष झडती घेतली, अहवाल सापडला. फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला, दोषारोपपत्र गेलं. खटला अजून चालू आहे. बाई अजून तिथेच राहतात, आईची खाट जांभ्याच्या चिऱ्यांवर चढवून.

निवृत्तीनंतर एकदा कामानिमित्त संगमेश्वरला गेलो. बाईंनी न दिलेलं ते उत्तर मनात खुपत होतंच. पत्ता विचारत त्यांच्या जुन्या घरी गेलो. तिथे आता एक शिंपी राहतो. त्यानं आतल्या खोलीतली भिंत दाखवली. तिच्यावर तैलरंगात दोन आडव्या रेघा, एक कमरेइतकी, एक माझ्या छातीपर्यंत. शेजारी वळणदार शाळामास्तरी अक्षरात तारखा आणि "पाणी इथपर्यंत".

"बाईंनी सौद्याच्या आधी दाखवल्या," शिंपी म्हणाला. "हे बघा नि मग किंमत बोला, म्हणाल्या. मी किंमत पाडली. त्या हो म्हणाल्या."

खोटं बोलणारा माणूस ओळखण्यात माझी नोकरी गेली. खरं सांगून नुकसान सोसलेलं माणूस समोर आलं, तेव्हा त्याच्यावरच मी संशय घेतला. वरचा मजला का परवडला नाही, हे मला त्या भिंतीपुढे कळलं. त्या दिवशी ठाण्यात मी बाईंना "बसा"सुद्धा म्हटलं नव्हतं.