हौसाआतेची पावडर

पनवेलात प्रणित घरतचा फोटो स्टुडिओ आहे, आणि तिथे काढलेल्या पासपोर्ट फोटोत माणूस हमखास फरार आरोपीसारखा दिसतो. यात प्रणितचा दोष नाही. "हनुवटी खाली, कान दिसू द्या, हसू नका" म्हटल्यावर देवमाणूस तरी दुसरा काय दिसणार? पण गड्याच्या मनात एक वेगळाच फोटो कधीपासून तयार होता : मागे खाडीवरचं सांजेचं निळं आभाळ, पुढे नवरी, आणि पांढऱ्या छत्रीतून गाळून तिच्या गालावर येणारा मऊ, समईसारखा उजेड.

तो काढायची संधी दिली लग्न ठरलेल्या उलव्याच्या निशाने. अट एकच.

"दादा, ताईच्या लग्नात फोटोवाल्याने आम्हाला सगळ्यांना पिठात लोळवलं. आमचे अण्णा अजून अल्बममध्ये स्वतःला शोधतायत. मी सावळी आहे, सावळीच दिसले पाहिजे. जमणार नसेल तर आत्ताच सांगा."

"जमेल की," प्रणित म्हणाला, आणि गव्हाणला घरी पोचेपर्यंत एकच हिशोब करत राहिला. उजेड जरा चुकला की निशाही पिठात, आणि आपण पुन्हा लोकांचे कान मोजत बसणार.

शूट उद्या होतं. आज खाडीच्या बांधावर चाचणी घ्यायची तर सावळा चेहरा हवा. तो घरातच होता : हौसाआते.

"आते, बांधावर चल. आहेस तशी ये."

"आलेच," म्हणून आते आत गेली ती ऊन उतरलं तरी बाहेर येईना. आली तेव्हा अंगावर ठेवणीतलं लुगडं, गळ्यात होतं नव्हतं तेवढं सोनं, डोक्यात अबोलीचा गजरा, आणि तोंडावर पावडरीचा असा थर की गालावर बोटाने नाव लिहिता यावं.

"आते, पावडर कशाला?"

"फोटोला काय तशीच येऊ? लग्नात पण लावलेली मी."

"पुसून टाक ना."

"तुज्या आजीला असं बोलला असतास?"

आजीचं नाव निघालं की त्या घरात वाद संपतो. बांधावर प्रणितने उजेडाला समईचा रंग यावा म्हणून फ्लॅशवर नारिंगी कागद चिकटवला, पुढे छत्री लावली आणि फोटो काढला. आते निशाच्या अण्णांशेजारी शोभली असती. उजेड कमी केला, तर आभाळ झकास आणि आते पिठाच्या गिरणीतून नुकतीच सुटलेली. उजेड चुकतोय की पावडर, काही कळेना.

तेवढ्यात खाडीवरून वारा आला. छत्री स्टँडवरून निसटून बांधावर गडगडत निघाली. प्रणित कॅमेरा सांभाळतोय तोवर आतेने लुगडं आवळलं आणि गजऱ्यासकट तिच्यामागे धूम ठोकली. परतली ती घामाने निथळत, हातात चिखलाने माखलेला काड्यांचा सांगाडा.

"ही पावसाला पण कामाची नाय," म्हणत तिने पदराने तोंड खसाखसा पुसलं. पावडर पदराला लागली आणि आते पुन्हा आते झाली.

प्रणितने आभाळाकडे पाहिलं. निळं होतं, पण फार वेळ राहणार नव्हतं. त्याने अंगातला पांढरा शर्ट काढला, मोडक्या काड्यांवर ताणला आणि तो सांगाडा फ्लॅशसमोर बांधला. बनियनमधला फोटोग्राफर दिसताच खाडीचे डास पंगतीला बसले.

"आरं, लोकं काय बोलतील?"

"बोलू दे. तू इकडे बघ."

"तुजा बापूस पण असाच उगडा फिरायचा," म्हणून आते हसली, आणि प्रणितने बटण दाबलं.

आतेने कॅमेऱ्यात डोकावून पाहिलं. काळासावळा गाल, त्यावर समईचा उजेड, मागे निळं आभाळ.

"ही तं माजी आय हाय," ती हळूच म्हणाली. मग सावरून, "पन पावडर नाय दिसत."

आतेचा फोटो छत्रीच्या हकिकतीसकट निशाला गेला. लगेच उत्तर आलं : "दादा, हाच उजेड. आणि आतेंना उद्या आणाच, मला हसवायला."

प्रणितने डास चावलेले खांदे खाजवत पिशवीत दोन जादा पांढरे शर्ट भरले. आतून आतेचा आवाज आला, "उद्या पावडर लावू ना रं?"

"नको."

"मग मी नाय येत."

शेवटी तडजोड झाली. आतेने हवी तेवढी पावडर लावावी, फक्त उभं राहावं कॅमेऱ्याच्या अलीकडे.